सावलीतलं भात

मे महिन्यात सीमेवर चकमक पेटली ते चार दिवस प्रवीणकुमारच्या घरातला टीव्ही बंद झालाच नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं आणि विनुताचं घर भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे विनुताला स्वयंपाकघरात उभी असतानाही सगळ्या बातम्या ऐकू यायच्या. शेवटी गॅस बंद करून ती भावाकडे गेली.

प्रवीणकुमार तिच्याहून लहान. लग्नकार्यांच्या जेवणाची कंत्राटं घ्यायचा. तंजावूरपासून पापनाशमपर्यंत त्याच्या हातचं सांबार खाल्लं नाही असं घर मिळणं कठीण होतं. विनुता मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ऊन आणि भाताचं पीक यांचं नातं हा तिचा विषय. कुठल्या दिवसांत किती ऊन मिळालं तर दाणा भरतो, कधी नाही मिळालं तर पोचट राहतो, यात तिची नोकरीची अर्धी वर्षं गेली होती.

“एकदा टाकून मोकळं व्हायला पाहिजे,” प्रवीणकुमार टीव्हीकडे बघत म्हणाला. घरातली मराठी बोलता बोलता तो मध्येच तमिळमध्ये शिरायचा, पण हे वाक्य त्याने चांगलं स्वच्छ मराठीत म्हटलं.

“काय टाकून?”

“अक्का, काय ते तुला ठाऊक आहे.”

“आणि त्यांनी उलट टाकला म्हणजे?”

“टाकू देत. दिल्लीवर टाकतील, मुंबईवर टाकतील. तंजावूरवर कोण टाकतंय? इथे काय आहे? एक देऊळ आणि माझी भांडी.”

त्याची बायको साईप्रिया हसली. विनुताला हसू आलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि त्याला समजावून सांगू लागली. शहरं जळतात तेव्हा त्यांची काजळी वर जाते, ढगांच्याही वर. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे ती धुऊन खाली येत नाही, वर्षानुवर्षं तरंगत राहते. दोन शेजाऱ्यांपुरतं अणुयुद्ध झालं तरी सगळ्या जगावरचं ऊन कमी होईल, काहींच्या अंदाजाने पार तिसऱ्या हिश्श्याने. थंडी वाढेल, पाऊस घटेल. बॉम्ब कुठेही पडो, भात इथलं जाईल.

प्रवीणकुमारने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काजळीत भात पिकवून बघितलंय कुणी?”

“संगणकावर हिशोब मांडलेत. बऱ्याच देशांतल्या लोकांनी.”

“संगणकावर! अक्का, मी संगणकावर भात शिजवत नाही. मला दाखव, मग बोलू.”

विनुता उठून आली. रात्री तिचा नवरा रमण तिरुचीहून नोकरीवरून परतला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. रमण म्हणाला, “त्याचं काय मनावर घेतेस? सगळं गाव तेच म्हणतंय.” तिला त्याचाच तर राग आला होता. सगळं गाव तेच म्हणत होतं. शेजारची पेन्शनर मंडळी, रिक्षावाले, कॉलेजातले तिचे सहकारी. जणू एखादं फुटकं मडकं रस्त्यावर भिरकावून द्यायचं होतं.

चकमक थांबली. टीव्हीवर क्रिकेट आलं. विनुताच्या डोक्यातून मात्र भावाचं ते ‘मला दाखव’ जाईना. त्याला पटेल असं काही आपल्याला दाखवता येत नाही, ही गोष्ट तिला झोपू देईना. थंडी आणणं किंवा पाऊस कमी करणं तिच्या हातात नव्हतं. पण ऊन कमी करणं शक्य होतं. रोपवाटिकेत बांधतात तसली काळी जाळी, शेडनेट, भाताच्या तुकड्यावर ताणायची. शेजारीच तेवढाच तुकडा उघडा ठेवायचा. रोपं एक, पाणी एक, खत एक. शेवटी दोन्हीकडच्या लोंब्या शेजारी शेजारी ठेवायच्या.

कॉलेज उघडल्यावर ती प्राचार्य गुरुराज यांच्याकडे परवानगी मागायला गेली. शेवटच्या वर्षाच्या मुलींचा प्रकल्प म्हणून हे करायचं होतं. गुरुराज भले गृहस्थ होते, फक्त कुणाचा फोन येईल या भीतीत जगायचे. त्यांनी अर्जावरचं शीर्षक वाचलं आणि चष्मा काढला.

“अणुयुद्धानंतरचं भातपीक. मॅडम, हे कशाला?”

“प्रकल्पच तो आहे, सर.”

“प्रकल्प करा हो. मी नाही कुठे म्हणतोय? पण हा शब्द काढा. गावात हवाई दलाचा तळ आहे. पालक विचारतील, मुलींना काय शिकवताय? कुणी म्हणेल तुम्ही देशाच्या विरुद्ध बोलताय.”

“भात कमी पिकेल असं म्हणणं देशाच्या विरुद्ध कसं?”

“तुम्हाला कळतं, मला कळतं. फोन करणाऱ्याला कळत नाही.” त्यांनी पेन पुढे केलं. “‘कमी प्रकाशात भाताची वाढ’ असं लिहा. सुंदर वाटतं.”

तिने पेन घेतलं. जून लागला होता, रोपं टाकायची वेळ निघून चालली होती. तिने तो शब्द खोडला आणि खोलीबाहेर आल्यावर भिंतीवर हात आपटला. शिपाई घाबरून उठून उभा राहिला.

जमीन महालक्ष्मीने दिली. ती विनुताची जुनी विद्यार्थिनी. बी.एस्सी. करून पापनाशमजवळच्या एका गावात लग्न होऊन गेली होती आणि आता सासरची शेती स्वतः बघत होती. नवरा दुबईत. जूनमध्ये लागून तिकडचा दिवाळीतला पावसाळा यायच्या आत हाती येणारं कुरुवैचं पीक हा तिचा वर्षातला मोठा भरवसा होता. विनुताने तिला फोनवर सगळं सांगितलं.

“म्हणजे मॅम, चांगल्या जमिनीत मुद्दाम वाईट पीक काढायचं?”

“एक कोपरा फक्त.”

“सासूला काय सांगू?”

“कॉलेजचं काम आहे म्हणून सांग.”

“ते मी सांगेन. पण कापणीच्या वेळी माझ्या मशीनच्या वाटेत तुमचे बांबू यायला नकोत.”

मेट्टूर धरणाचं पाणी कालव्यांतून आलं, लावणी झाली. कॉलेजच्या बसमधून मुली आल्या, चिखलात पाय रोवून त्यांनी बांबू पुरले आणि जाळी ताणली. जाळीखाली गेलं की भर दुपारीही डोळ्यांना गार वाटायचं. लावण्या नावाची एक मुलगी तिथे उभी राहून वर बघत म्हणाली, “मॅम, हे तर छान आहे. मी तर इथे झोपेन.”

“झोप. भाताला विचार त्याला कसं वाटतंय ते.”

पुढचे दोन महिने विनुता आठवड्यातून दोनदा बसने पापनाशमला जात राहिली. त्या दोन महिन्यांनी तिला जेवढा मनस्ताप दिला तेवढा आधीच्या वीस वर्षांत कुणी दिला नव्हता. एक तर येणारा जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, पानवेली लावताय का? कुंभकोणम इथून जवळ, तिकडे पानमळ्यांवर सावली करतात, त्यामुळे लोकांना तेच सुचायचं. ती खरं काय ते सांगायची. लोक मान हलवायचे आणि जाताना म्हणायचे, पान चांगलं होईल हां. एकदा जाळी विकणारा दुकानदार येऊन फोटो काढून गेला आणि त्याने ते आपल्या जाहिरातीत टाकले. खाली लिहिलं, कॉलेजने पसंत केलेली जाळी. बांधावर कॉलेजने लावलेली पाटी होती, पण तिच्यावर ‘कमी प्रकाशात भाताची वाढ’ एवढंच होतं. ते वाचून कुणालाही काही कळणार नव्हतं. ती पाटी बघितली की विनुताला स्वतःचाच राग यायचा.

त्याहून वाईट म्हणजे जाळीखालचं भात फार देखणं दिसत होतं. ऊन कमी पडलं की रोप प्रकाशाकडे ताणतं, उंच होतं, पानं रुंद आणि गडद हिरवी होतात. हे विनुता दर वर्षी वर्गात शिकवायची. पण शेजारचं उघड्यावरचं भात त्याच्यापुढे ठेंगणं आणि पिवळसर दिसायला लागलं तेव्हा तिचाही जीव खालीवर झाला. महालक्ष्मीची सासू कौतुकाने म्हणाली, पुढच्या वर्षी सगळ्याच शेतावर असं टाकूया.

सप्टेंबरात प्रवीणकुमार पापनाशमच्या एका मंगल कार्यालयात भांडी ठेवायला आला होता. पुरट्टासि महिना लागत होता, त्या महिन्यात तमिळ लोक लग्नं करत नाहीत, त्यामुळे त्याचे हंडे आणि शेगड्या तिथेच पडून राहणार होत्या. परतताना तो शेतावर आला. बांधावर उभा राहून त्याने दोन्ही तुकड्यांकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

“अक्का! तुझ्या अणुबॉम्बखाली तर काय पीक आलंय!”

“दाणा भरू दे. मग बोल.”

“अजून काय भरायचं? केवढं उंच आहे बघ. मी पंतप्रधानांना पत्रच लिहितो.”

“प्रवीण, अरे, पानं कोण खातं? आपण दाणा खातो. दाणा भरायला साखर लागते, साखर करायला ऊन लागतं. आत्ता नुसती पानं वाढली आहेत. कापणीला ये. दोन्हीकडची एक एक लोंबी तुझ्या हातात देईन. दाबून बघ आणि मग हास.”

“येतो,” तो डोळे पुसत म्हणाला. “मी तर येणारच.”

त्याच्या त्या हसण्यामुळे विनुताने कापणीचा दिवस मोठाच करायचं ठरवलं. सरस्वतीपूजा झाली, नवरात्रात घरोघर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या उतरल्या की कापणी. गुरुराजना बोलावलं, स्टाफमधल्यांना बोलावलं, गल्लीतल्यांनासुद्धा बोलावलं. जाळीखालच्या लोंब्या आता वाकायच्या सोडून ताठ उभ्या राहायला लागल्या होत्या. तिने हळूच दोन-चार दाणे नखाने दाबून बघितले होते. दाणे नखाखाली चपटे झाले. आत काही नव्हतं. शेजारच्या तुकड्यातल्या लोंब्या जड होऊन झुकल्या होत्या. महिन्याभरात पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

आणि पाऊस आला. ईशान्येचा मोठा पाऊस एरवी दिवाळीच्या आसपास यायचा. अलीकडे त्याचं काही धड राहिलं नव्हतं. एक वर्ष येतच नसे, एक वर्ष महिन्याचा एका दिवसात पडून जाई. या वर्षी तो कापणीच्या आधीच आला आणि थांबेना. राजवाड्यामागची गल्ली गुडघाभर पाण्यात गेली. महालक्ष्मीने कापणीचं मशीन ठरवलेलं होतं, ते चिखलात शिरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“मॅम, भात आडवं झालंय. लोंब्या पाण्यात आहेत. तुमचे बांबूही पडलेत.”

विनुता लावण्याला आणि हाताला लागल्या तेवढ्या मुलींना घेऊन पहिल्या बसने निघाली. वाटेत दोन्ही बाजूंना शेतं कुठे संपतात आणि कालवा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. महालक्ष्मीचं शेत गाठलं तेव्हा पाऊस जरा उघडला होता. जाळी पीक घेऊन चिखलात बसली होती. उघडा तुकडाही झोपला होता. शेताच्या दुसऱ्या टोकाला महालक्ष्मी, तिची सासू आणि गावातल्या तीन-चार बायका पाण्यात वाकून विळ्याने कापत होत्या.

विनुता सरळ जाळीकडे गेली. तिने जाळी उचलली, खालच्या लोंब्या कापून पिशवीत भरल्या. मग उघड्या तुकड्यातल्या. खुणेच्या चिठ्ठ्या लावायला गेली तर शाई वाहून गेली. तिने जाळीखालच्या जुडीला स्वतःचा रुमाल बांधला. ती पुन्हा वाकली एवढ्यात मागून महालक्ष्मीचा आवाज आला.

“मॅम!”

ती वळली. महालक्ष्मीच्या तोंडावर चिखल होता आणि आवाज फाटला होता.

“तुम्ही अजून तिथेच? माझं सगळं पीक पाण्यात आहे आणि तुम्ही पोचट दाणे गोळा करताय? ते युद्ध होईल तेव्हा होईल. हे आज होतंय.”

विनुताला एका क्षणात दहा उत्तरं सुचली. हेच तर मी सांगते आहे, दोन्ही एकाच आभाळातून येतं, हा पाऊसही आपणच हवा तापवून बिघडवलाय. पण पाण्यात उभ्या असलेल्या त्या बाईला हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिने पिशवी बांधावर ठेवली, पदर खोचला आणि मुलींना हाक मारली. दुपारपर्यंत त्या सगळ्या कापत होत्या. विनुताला विळ्याची सवय नव्हती, तिच्या बोटाला कापलं, लावण्याने ओढणी फाडून बांधली.

कापलेलं भात रस्त्यावर आणून टाकलं तरी पुढचा प्रश्न होताच. ओलं भात ढिगात तापतं आणि त्याला मोड येतात. खरेदी केंद्रावर असलं भात कुणी घेणार नव्हतं. आभाळ तर अजून काळंच होतं. महालक्ष्मी रस्त्याच्या कडेला बसून राहिली. ती रडत नव्हती, नुसती ढिगाकडे बघत होती.

विनुताने प्रवीणकुमारला फोन लावला. तिला ताडपत्र्या हव्या होत्या, त्याच्याकडे मांडवाच्या असतात म्हणून. त्याने सगळं ऐकलं.

“किती भिजलंय?”

“पूर्ण. थोड्या दाण्यांना मोड दिसायला लागलेत.”

“मग ताडपत्रीने काय होणार? झाकलं तर आणखी कुजेल. उकडून टाका.”

“काय?”

“अक्का, उकडा तांदूळ कसा करतात? भात भिजवतात, वाफवतात, वाळवतात. तुमचं भिजवून झालंच आहे. माझे हंडे तिथेच आहेत, शेगड्या आहेत. कार्यालयात एकही लग्न नाही, सगळा हॉल रिकामा. वर पंखे आहेत. मी पोरं घेऊन निघतो.”

आणि तो खरंच निघाला. पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून वळसे घेत त्याचा टेम्पो दुपार कलताना पापनाशमला पोचला. त्या आधीच मुलींनी जुड्या झोडपून दाणा वेगळा करायला घेतला होता. कार्यालयाच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली शेगड्या पेटल्या. ज्या हंड्यांत हजार माणसांचं सांबार व्हायचं त्यांत महालक्ष्मीचं भात वाफवायला लागलं. टरफल जरा उकललं की प्रवीणकुमार ओरडायचा, काढा, आणि दोन माणसं हंडा उचलून आत हॉलमध्ये नेऊन फरशीवर ओतायची. पंखे पूर्ण वेगाने फिरत होते. बायका अनवाणी पायांनी भात पसरत होत्या, उलटत होत्या. हॉलभर उकड्या भाताचा दमट वास कोंडला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच चाललं. महालक्ष्मीची सगळी शेतं वाचली नाहीत. निम्म्याहून अधिक पीक पाण्यातच राहिलं आणि कुजलं. जे हाती आलं त्याचा रंग काळपट होता. पण ते खाण्याजोगं होतं, घरचं वर्ष निघण्याजोगं होतं. महालक्ष्मीने प्रवीणकुमारला हात जोडले तेव्हा तो लाजून शेगडीच्या नळ्या तपासायला लागला.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे कॉफी पीत बसले असताना, विनुताने पिशवीतून दोन्ही जुड्या काढल्या आणि भावापुढे फरशीवर ठेवल्या.

“ही जाळीखालची. दाबून बघ.”

त्याने दाबलं. बरेच दाणे चपटे झाले. मग त्याने दुसरी जुडी घेतली. तिच्यातले बरेच दाणे फुगून फुटले होते, त्यांतून पांढरे मोड आले होते.

“दोन्ही गेलेत की.”

“नाही. नीट बघ. ज्याला मोड आला तो दाणा भरलेला होता म्हणून आला. पोचट दाण्याला मोड येत नाही, त्याच्यात यायला काही नसतंच. जाळीखालच्यात बघ, अर्ध्याहून जास्त दाणे रिकामे आहेत. फक्त ऊन कमी झालं होतं. थंडी नव्हती, पाणी भरपूर होतं, तरी एवढं.”

प्रवीणकुमारने जुड्या पुन्हा वर-खाली केल्या. या वेळी तो हसला नाही. पण म्हणाला, “अक्का, हे तुला दिसतं. मला दोन ओल्या जुड्या दिसतात. पावसाने झालं असेल, असं कुणीही म्हणेल.”

विनुताचा पेला हातातून निसटून फरशीवर पडला. तिने टाकला की पडला, ते तिलाही नीट कळलं नाही.

“म्हणेलच! मीच मे महिन्यापासून वेडी आहे. शीर्षक लिहिलं तर ते खोडायचं. पीक लावलं तर ते छान दिसतं म्हणून हसायचं. दाणा दाखवायची वेळ आली तर हा पाऊस येतो आणि सगळं सारखं करून टाकतो. मी काय दाखवू, प्रवीण? खरंच ऊन गेल्यावर दाखवू? तेव्हा तुझे हंडे कुठे नेशील? हे भात तू उकडलंस, कारण शेजारच्या तालुक्यातून यायला रस्ता होता, गॅस होता, वरती पंखे होते. सगळीकडेच एकदम झालं तर कुणाचा टेम्पो येणार?”

हॉलमधल्या बायकांना मराठी कळत नव्हती, पण त्या भात उलटायच्या थांबल्या होत्या. प्रवीणकुमारने पेला उचलून बाजूला ठेवला.

“मी आलो नाही का?” तो हळूच म्हणाला.

“आलास. दिसलं तेव्हा आलास.”

तो उठून मागच्या अंगणात गेला आणि त्याने पुढच्या हंड्याखाली शेगडी पेटवली.

कॉलेजात ही गोष्ट पोचली तेव्हा गुरुराज खूश झाले. कुणीतरी हॉलचे फोटो काढले होते, मुली भात पसरताना, वाफाळते हंडे. त्यांनी तंजावूरच्या वर्तमानपत्रात बातमी दिली आणि नोव्हेंबरात कॉलेजात एक कार्यक्रम ठेवला. विषय, ‘विद्यार्थिनींनी वाचवलं भात’. विनुताला बोलावून ते म्हणाले, “मॅडम, तुमचा प्रयोग काही पुरा झाला नाही. आकडे अपुरे आहेत. ते राहू दे. तुम्ही या मदतीबद्दल बोला. लोकांना उमेद वाटेल.”

“आकडे अपुरे आहेत हे खरं आहे,” विनुता म्हणाली. “तेही मी सांगेन.”

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. महालक्ष्मी पहिल्या रांगेत सासूला घेऊन बसली होती. चहा आणि बोंड्यांचं काम प्रवीणकुमारकडे होतं, तो मागच्या दाराशी अंगावर पंचा टाकून उभा होता. गुरुराजांचं भाषण झालं, लावण्याने चिखलातल्या त्या दिवसाचं वर्णन केलं, टाळ्या झाल्या. मग विनुता उभी राहिली. पहिल्याच वाक्यात तिने प्रकल्पाचं मूळ शीर्षक सांगितलं. गुरुराजांनी मान खाली घातली.

तिने फार काही अलंकारिक सांगितलं नाही. काजळी दहा वर्षं कशी तरंगत राहते ते सांगितलं, उन्हाचं सांगितलं. दोन जुड्या दाखवल्या. माझा पुरावा कच्चा आहे, पावसाने तो बिघडवला, हेही सांगितलं. मग म्हणाली, “हा पाऊस आपल्याला सावकाश मारतो आहे आणि ते शस्त्र आपल्याला एका दुपारी मारू शकतं. दोन्ही माणसांनीच केलेली आहेत. आपण पहिल्यात मदतीला धावतो, दुसऱ्यासाठी घोषणा देतो. मला या गोष्टीचा फार राग येतो. आज मला उमेद द्यायला सांगितलं होतं. माझ्याकडे रागच आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेतल्या दोन मुली फोन बघत होत्या. एक सहकारी उठून बाहेर गेले. गुरुराज घाईने म्हणाले, “काही प्रश्न?” कुणी हात वर करणार नाही याची त्यांना खात्री असावी.

मागच्या दाराशी प्रवीणकुमारने हात वर केला. सगळ्यांना समजावं म्हणून तो तमिळमध्ये बोलला.

“तुम्ही म्हणता, ती काजळी दहा वर्षं राहील. त्या दहा वर्षांत लग्नं होतील का?”

मुली हसायला लागल्या. सभागृह बराच वेळ हसत होतं. विनुताने भावाकडे बघितलं. तो हसत नव्हता. पंच्याला हात पुसत तो उत्तराची वाट बघत होता.

“होतील,” ती म्हणाली. “माणसं लग्न करायची थांबत नाहीत. पण जेवायला बोलावणार नाहीत. ज्याच्याकडे तांदूळ आहे तो लपवून ठेवेल.”

हसू हळूहळू थांबलं. गुरुराजांनी आभार मानले. जाताना त्यांनी विनुताला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी बाहेरच्या शेतावर प्रकल्प देता येणार नाही, बस मिळणार नाही. तिला ते अपेक्षितच होतं. पायऱ्यांवर महालक्ष्मी भेटली. कोपरा पुन्हा द्यायला ती तयार होती, पण लगेच पुढे म्हणाली, “जाळी मात्र तुम्ही आणा. आणि मॅम, या वेळी थोडी लवकर लावू. पावसाचं आता काही खरं नाही.”

“मुली नसतील,” विनुता म्हणाली. “मी एकटीच येईन.”

सभागृहात माणसं बोंडे संपवत होती. प्रवीणकुमार रिकामे पेले ट्रेमध्ये रचत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पेले उचलायला लागली. त्याने तिला अडवलं नाही. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, “लपवून ठेवेल म्हणालीस. मीही लपवेन का?”

“मला माहीत नाही, प्रवीण.”

त्याने मान हलवली आणि ट्रे उचलून तो नळाकडे चालू लागला.